वाचकांचे प्रश्न : बाबासाहेब सूटमध्येच का?

प्रश्न : भावाच्या लग्नात मी निळा थ्री-पीस शिवायचा म्हणतोय. शेजारचे एक काका म्हणाले, "आपल्या मातीतले कपडे घाल की, गांधीजींनी सूट सोडून पंचा घेतला, आणि तुमचे बाबासाहेब बघ कायम साहेबी थाटात." मला तेव्हा काही उत्तरच सुचलं नाही. आणि आमची आजी 14 एप्रिलला पांढरंच पातळ का नेसते?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : सूट बिनधास्त शिवा. काकांची तुलनाच अर्धवट आहे. गांधीजींनी 1921च्या सप्टेंबरात मदुराईला अंगावरचे कपडे कमी केले, गरीब माणसाला नेसायला जेवढं मिळतं तेवढंच मी नेसणार म्हणून, आणि ते खरंच मोठं पाऊल होतं. पण लंडनला बॅरिस्टर होताना त्यांचा सूट वापरून झाला होता, म्हणजे जे हातात होतं ते त्यांनी सोडलं. ज्या समाजाला चांगलं नेसूच दिलं नाही त्यानं काय सोडायचं?

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा, चांडाळानं प्रेताच्या अंगावरचे कपडे घालावेत आणि दागिने लोखंडाचे असावेत असं तिथं सरळ लिहिलंय. म्हणजे माणूस तोंड उघडायच्या आधी त्याच्या कपड्यांनीच त्याची जात सांगितली पाहिजे, अशी ती सोय होती. 25 डिसेंबर 1927ला महाडच्या परिषदेत बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पुस्तक जाळलं, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, मला तर ते भाषण दहनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा, गळ्यातल्या त्या ढीगभर गळसऱ्या, कोपरापर्यंतचे चांदीचे नाहीतर कथलाचे गोठपाटल्या, यावरून तुम्ही कोण ते लांबून ओळखू येतं, तेव्हा हे सोडा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, असं त्यांचं म्हणणं. आणि बायकांनी ते लगेच मनावर घेतलं! लुगडं चार बोटं खाली आलं एवढंच बघणाऱ्याला दिसलं असेल, पण गावात तसं नेसून पाणवठ्यावर जायला काय छाती लागत असेल याचा विचार करा.

आता पुतळा आठवा, निळा कोट, टाय, खिशाला पेन, हातात संविधान. ज्याला जुनेर नेसायचा हुकूम होता त्यानं कोलंबिया आणि लंडनच्या डिग्र्या घेऊन कडक इस्त्रीचा कोट घातला, यात साहेबाची नक्कल कुठं आली? आमचे कपडे आम्ही ठरवणार, हे त्यातनं न बोलता सांगितलं गेलं आणि वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ते कळतं.

आणि कायम सूटच, हेही खरं नाही, 14 ऑक्टोबर 1956ला नागपूरला धम्मदीक्षा घेताना ते पांढऱ्या कपड्यात होते, समोरचे लाखो लोकही. आजीचं पातळ तिथलंच. तिला एकदा निवांत बसवून विचारा की तिची आई लुगडं कसं नेसायची, हातात काय घालायची, आणि सांगेल ते लिहून ठेवा, कारण या गोष्टी फार कमी घरांत कुणी लिहिल्यात.

बाकी लग्न उन्हाळ्यात असेल तर कापड हलकं घ्या, अमरावतीच्या उन्हात जाड सूटिंगचा थ्री-पीस झेपणार नाही.