वाचक विचारतात : मंगळाची शीव कुणी घातली?

प्रश्न : मंगळाच्या नकाशाचे ३० भाग पाडलेत असं वाचलं. तिथं माणूस गेलेला नाही, मग या हद्दी कुणी आणि कशावरून ठरवल्या?
– एक विद्यार्थिनी, कोरेगाव

हद्द म्हटलं की मला आधी भांडण दिसतं. मोजणी खात्यात जन्म गेला, त्याचा परिणाम. पण मंगळावरच्या या ३० भागांवरून कुणी भांडत नाही, कारण त्या हद्दी जमिनीच्या नाहीत, कागदाच्या आहेत.

जवळचं उदाहरण घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटमध्ये, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी छापलेल्या नकाशाच्या कागदांत, ७४ अंश रेखांशाला एक शीट संपते आणि दुसरी सुरू होते. ही रेघ थेट सातारा शहरातून जाते. त्यामुळे राजवाडा ‘४७ जी’च्या कागदावर आणि माहुलीकडचं रेल्वे स्टेशन ‘४७ के’च्या. अख्खा सातारा टेबलावर बघायचा तर दोन शीट कडेला कड लावून ठेवायच्या आणि वर पेपरवेट. शहर काही दुभंगलेलं नाही, कागद तिथं संपला एवढंच.

मंगळाचंही तेच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने त्याच्या ३० शीट पाडल्या. ध्रुवाकडे रेखांश जवळजवळ येतात, त्यामुळे रुंदी सगळीकडे सारखी ठेवून चालत नाही. विषुववृत्तापासून ३० अंशांपर्यंत दोन्ही बाजूंना आठ-आठ, तिथून ६५ अंशांपर्यंत सहा-सहा आणि दोन टोकांना एकेक गोल शीट. प्रमाण ५० लाखांस एक, म्हणजे १ सेंटीमीटरला ५० किलोमीटर. सातारा ते सांगली सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर. त्या नकाशावर दोन सेंटीमीटरच्या जरा वर. आणि साताऱ्याचं जे झालं तेच तिथल्या ऑलिंपस मॉन्सचं. जवळपास २२ किलोमीटर उंचीचा तो ज्वालामुखी, पण १३५ अंशांची रेघ त्याच्या अंगावरून गेली. माथा ‘थार्सिस’ नावाच्या शीटवर आणि पश्चिमेचा उतार शेजारच्या ‘अ‍ॅमेझॉनिस’वर.

ही नावं मात्र यानाने काढलेल्या फोटोंच्या आधीची. इटलीच्या स्कियापारेल्ली यांनी १८७७ पासून दुर्बिणीतून दिसलेल्या काळ्या-उजळ डागांना जुन्या ग्रंथांतली नावं दिली, तीच पुढे शीटना चिकटली. म्हणून पाण्याचा थेंब नसलेल्या जागी ‘चंद्राची दलदल’ अशा अर्थाची एक शीट आहे. आमच्याकडे तळं बुजून पन्नास वर्षं झाली तरी रानाला ‘तळ्याचा मळा’च म्हणतात, तसलंच.

फोटो आले मरिनर ९ यानाकडून. नोव्हेंबर १९७१ मध्ये ते पोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला, वर फक्त चार काळे ठिपके दिसत होते. ते ज्वालामुखींचे माथे होते हे धूळ बसल्यावर कळलं. यानाने वाट बघितली आणि मग सातेक हजार फोटो काढले. मोजणीची तारीख धरून जायचं आणि झाडाखाली बसून पाऊस थांबायची वाट बघायची, हे मी इतक्यांदा केलंय की त्या यानाबद्दल मला आपुलकीच वाटते.

आता तुम्ही विचारलेलं नाही ते सांगतो, कारण आम्हा मोजणीवाल्यांचा जीव तिथं अडकतो. रेघा मारायच्या तर सुरुवातीचा दगड कुठला? खटाव तालुक्यात एकदा ३३ फुटी साखळीच्या काळातल्या नकाशावरून हद्द काढायला गेलो. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड नकाशात होता, रानात नव्हता. दुपार गेली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी दाखवला : गोठ्याची पायरी झालेला, शेणामातीने गुळगुळीत. दगड सापडला खरा, पण आता तो जागेवर नव्हता. मग त्या मोजणीला आम्हाला दुसऱ्या दोन खुणांवरून परत यावं लागलं.

मंगळावर हा मान अर्धा किलोमीटर व्यासाच्या एका खळग्याला मिळाला. ग्रिनिचची रेघ ज्यांच्या दुर्बिणीवरून ठरली त्या जॉर्ज एअरी यांच्या नावाचं एक मोठं विवर आहे, त्याच्या आत हा खळगा, नाव ‘एअरी-शून्य’. त्याच्या मध्यातून शून्य रेखांश. पुढे मोजणी इतकी बारीक झाली की खळग्याचा ‘मध्य’ही ढोबळ वाटू लागला. मग १९७६ साली उतरलेल्या व्हायकिंग १ यानाचा रेखांश पक्का धरून शून्याची रेघ त्यावरून बांधली. यान तिथंच उभं आहे. त्याची पायरी करायला कुणी नाही.

उंचीचा शून्यही असाच. आपण समुद्रसपाटीपासून मोजतो. तिथं समुद्र नाही. म्हणून आधी हवेचा ठरावीक दाब जिथं असतो ती पातळी शून्य धरली आणि पुढे गुरुत्वाकर्षणावरून काढलेली पातळी घेतली.

जमिनीचे खरे विभाग हवे असतील तर २०१४ चा भूगर्भीय नकाशा बघा. त्यात ४४ प्रकारचे थर वेगळे दाखवलेत आणि रेघा वाकड्यातिकड्या आहेत, बांधासारख्या. जमीन जुनी की नवी हे खड्डे मोजून ठरवतात; खड्ड्यांची दाटी जास्त तर जमीन जुनी. दक्षिणेचा उंच, खड्ड्यांनी भरलेला भाग आणि उत्तरेचं सखल मैदान यांच्यामधला उतार हा तिथला आपला घाटमाथा समजा. माण-खटाव कुठं संपतं हे आपल्याला शीट नंबर सांगत नाही, वाळलेलं गवत सांगतं. मला हाच नकाशा जास्त आवडतो.

प्रश्न : मंगळावर आपल्या गावांची नावं आहेत का?
– एक वाचक, तासगाव

आहेत. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं, मंगळावरचं ‘लोणार’ उत्तर ध्रुवाच्या शीटवर आहे आणि कित्येक पट मोठं आहे. ‘पूना’ नावाचंही एक विवर आहे, सुमारे २० किलोमीटरचं. लहान विवरांना साधारण लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांची नावं द्यायची असा संकेत असताना पुण्याची वर्णी कशी लागली, ते पुणेकरांनाच विचारा. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातलं मुरसान आणि बिहारमधलं हिल्सा यांची भर पडली. ती विवरं अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने शोधली. लोकसंख्येच्या हिशेबात तासगाव बसतं, सांगली बसत नाही. पण हौसेखातर नाव मिळत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाला त्या विवरावर लिहायचं असेल आणि नावावाचून अडत असेल, तरच देतात.

प्रश्न : मुलाने मोबाइलवरून पैसे भरून मंगळावर एक एकर घेतला. प्रमाणपत्र आलंय. खरं असेल का?
– एक वाचक, विटा

नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कुठल्याच देशाला तिथं मालकी सांगता येत नाही. भारतही त्या करारात आहे. देशाचीच मालकी नाही, तर विकणाऱ्याकडे ती आली कुठून? तरी त्या कागदावर चतुःसीमा लिहिली आहे का तेवढं बघून कळवा. पूर्वेस कोण आणि पश्चिमेस कोण, हे मला खरंच वाचायचं आहे.