वाचकांचे प्रश्न : हॅकल, लॅन्यार्ड आणि आजोबांचा बिल्ला

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की पलटणीचा युनिफॉर्म वाचता आला पाहिजे, तर ह्या वेळी सगळी पत्रं त्याचीच आली. मी सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, ऑफिसर नाही, भाषा सांभाळून घ्या.

प्रश्न : माझा भाऊ मराठा लाईट इन्फंट्रीचं ट्रेनिंग संपवून बेळगावहून घरी आला, बेरेवर (गोल मऊ टोपीवर) लाल-हिरवा तुरा. शेजारचा दादा ग्रेनेडियर्समध्ये, त्याचा पांढरा. दोघांची जुंपलीय, जास्त मानाचा कुणाचा? (खानापूर)

उत्तर : त्या तुऱ्याला हॅकल म्हणायचं, तुरा म्हटलं तर दोघंही तुमच्यावर चिडतील. जास्त-कमी मान असं काही नसतं हो, ज्याचा त्याला. भावाचा बेरे गडद हिरवा आहे बघा, ते लाईट इन्फंट्रीपणाचं लक्षण. हे लोक मुख्य फौजेच्या पुढे, झाडाझुडपात, हुकूम बिगुलावर, म्हणून हिरवा रंग आणि बिल्ल्यावर बिगुल, आणि चाल पण भराभर, मिनिटाला साधारण १४० पावलं, बाकीच्यांची १२०. लाईट इन्फंट्री हे नाव पण फुकट नाही मिळालेलं. १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या कहान किल्ल्यात ‘काळी पाचवी’ म्हणजे आजची सेकंड मराठा (मराठा लाईट इन्फंट्रीची दुसरी बटालियन) वेढ्यात अडकली, महिनोन्महिने तग धरला, आणि १८४१ ला तिला लाईट इन्फंट्री म्हणायला लागले. भावाला सांगा पावसात हॅकल भिजवू नकोस, वाळल्यावर पार कोंबडीचं पीस होतं. आम्ही पेपरची नळी करून त्यात ठेवायचो.

प्रश्न : दीर ब्रिगेडियर झाले. फोटोत खांद्यावरची ती पलटणीची दोरी नाही, टोपी पण बदललेली. सासूबाई काळजीत, पलटणीने काढून टाकलं का म्हणतात. (पुणे)

उत्तर : ताई, आधी अभिनंदन आणि सासूबाईंना पेढा द्या. कुणी काढलेलं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्याच्या वरच्या सगळ्यांचा युनिफॉर्म एक झालाय. टोपी, खांद्यावरचे रँकचे बिल्ले, कॉलरवरचे लाल पट्टे, बेल्ट, बूट सगळ्यांचे सारखे आणि लॅन्यार्ड, म्हणजे तुमची ती खांद्यावरची दोरी, कुणालाच नाही. कर्नलपर्यंत आहे तसंच. कारण सरळ आहे, कर्नलपर्यंत माणूस बहुतेक आपल्याच पलटणीत, पण ब्रिगेडियरच्या हाताखाली शीख, गोरखा, मद्रासी, मराठा सगळे येतात, मग त्याच्या अंगावर एकाच घराची खूण कशाला. मला विचाराल तर निर्णय बरोबर आहे. पण पंचवीस-तीस वर्षं जी दोरी रोज सकाळी खांद्यावर चढवली ती एका दिवसात पेटीत ठेवायची म्हणजे... तुमचे दीर बोलणार नाहीत, तुम्ही विचारू पण नका.

प्रश्न : २०२२ च्या २६ जानेवारीच्या परेडमध्ये प्रत्येक तुकडीचे कपडे आणि रायफली वेगवेगळ्या का होत्या? (नांदेड, इयत्ता ९ वी)

उत्तर : मुद्दामच बाळा. राजपूत रेजिमेंट १९४७ च्या वेषात, आसाम रेजिमेंट १९६२ च्या, जम्मू-काश्मीर लाईट इन्फंट्री १९७१ च्या, आणि पॅराशूट रेजिमेंटचे जवान त्याच जानेवारीत आलेल्या नव्या ठिपक्याठिपक्यांच्या कॉम्बॅट ड्रेसमध्ये. यूट्यूबवर परत बघ, ह्या वेळी हातातल्या रायफली बघ.

प्रश्न : आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. ट्रंकेत त्यांचा बिल्ला सापडला, त्यावर खांब आहे. नेटवर बघितलं तर महारच्या बिल्ल्यावर दोन मशीनगन आणि मध्ये खंजीर. चुलते म्हणतात हा डुप्लिकेट. (सातारा)

उत्तर : चुलत्यांना माझ्याकडे पाठवा! अहो खोटा नाही, उलट जुना आहे. तो खांब म्हणजे कोरेगाव भीमाचा जयस्तंभ, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. पहिल्या महायुद्धात १९१७ ला ‘१११ महार’ पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडली पण. पुढे महारांची पलटण परत हवी म्हणून बाबासाहेबांनी लावून धरलं आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ. १९४६ ला ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा दोन विकर्स मशीनगन आडव्या-तिडव्या आल्या, स्तंभ मध्ये तसाच. नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला, तोच तुम्ही नेटवर बघितला. तेव्हा तुमच्याकडच्या बिल्ल्यावर गन आहेत का नुसताच स्तंभ ते बघा. नुसता स्तंभ असेल तर आजोबा अगदी सुरुवातीच्या पोरांपैकी.

लोक परंपरा म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं की पहिल्यापासून असंच होतं. स्वातंत्र्यानंतर ऑफिसरच्या खांद्यावरचा मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले, खाकी जाऊन ऑलिव्ह ग्रीन आला, तेव्हा पण जुन्या लोकांनी तोंडं वाकडी केलीच असणार. पण स्तंभाचं मला जरा वेगळं वाटतं. मुकुट दुसऱ्याचा होता, स्तंभावर आपल्या माणसांची नावं कोरलेली आहेत.

एक काम मात्र करू नका, बिल्ला ब्रासोने घासू नका. आम्ही पोरं रोज घासून घासून बिल्ल्यावरची अक्षरं सपाट करून टाकायचो. मऊ फडक्याने पुसा, फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मला पण बघायचाय.