नवीन घराच्या वायरिंगची तपासणी नेमकी कोण करते?

आपण विचारले आहे की गावी बांधलेल्या एकमजली घराचे वायरिंग महावितरणचा अभियंता आतून तपासतो का. याचे उत्तर सामान्यतः ‘नाही’ असे आहे, कारण वीजजोडणी देताना कंपनी मुख्यतः परवानाधारक विद्युत ठेकेदाराने सही केलेल्या चाचणी अहवालावर, म्हणजे टेस्ट रिपोर्टवर, विसंबते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार 500 व्होल्ट डीसी दाब एक मिनिट लावून जिवंत तार आणि अर्थ (जमिनीशी जोडलेली तार) यांमधील इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगाओहम भरला पाहिजे. ही मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी, कारण न मोजताच आकडे भरण्याचा मोह अगदीच अपरिचित नाही. अर्थिंगचा रोध मात्र वेगळ्या उपकरणाने मोजावा लागतो, आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरील (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरील) ‘टी’ म्हणजे टेस्ट बटण दाबल्यावर ती पडली, म्हणजे पुरवठा तुटला, तरी त्यावरून केवळ ती यंत्रणा चालू आहे एवढेच कळते, अर्थिंग चांगले आहे असे नव्हे. भिंतीतील पाइप, जोड आणि तारांची जाडी नंतर दिसत नाही. म्हणून प्लास्टरपूर्वीच दुसऱ्या जाणकाराकडून पाहणी करवून प्रत्येक भिंतीची छायाचित्रे ठेवावीत. एक अपवाद असा, की 15 मीटरपेक्षा उंच बहुमजली इमारतीत प्रकरण विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयापर्यंत जाते आणि तेथील प्रक्रिया वेगळी असते.