मोबाइल हातात असताना रोज खिशात ठेवायला वेगळा लहान कॅमेरा का घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला नोकरी, रोज दुचाकीवरून जाणं-येणं, हातात चांगला मोबाइल. तरीही खिशात मावणारा महागडा कॅमेरा घेण्यात अर्थ आहे का, आणि घेतला तर कोणता?

अर्थ आहे, पण एका अटीवर. तो कॅमेरा न बघता, एका हाताने, एका सेकंदात चालवता आला पाहिजे. हे जमलं नाही तर कितीही भारी लेन्स असो, महिन्याभरात तो कपाटात जातो. म्हणून खाली मॉडेलांपेक्षा तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी मोबाइलशी तुलना, कारण इथे बरेच जण वाढवून सांगतात. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा चौकोन, साधारण १० × ७.५ मिलिमीटर असतो. रिको जीआर ३ किंवा फुजीफिल्म एक्स१०० मालिकेतला ‘एपीएस-सी’ आकाराचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६, म्हणजे क्षेत्रफळात पाचपट. पण मोबाइलची लेन्स एफ/१.८ च्या आसपास आणि जीआरची एफ/२.८ (एफचा आकडा लहान, तर लेन्सचं तोंड मोठं आणि प्रकाश जास्त). हे धरलं की एकूण प्रकाशाचा फरक दुपटीपर्यंत खाली येतो. त्यात मोबाइल एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, त्यामुळे स्थिर दृश्यात तो बरोबरीला येतो. राजवाड्याची रोषणाई, दिवाळीतली पणत्यांची ओळ, घरातला ग्रुप फोटो, व्हिडिओ: यासाठी मोबाइलच वापरा. फरक पडतो तो हलणाऱ्या गोष्टींत. कढईतून जिलबी काढणारा हात, खजुरी बाजारातून वळणारी सायकल, पळणारं मूल. फ्रेमा जोडताना अशा ठिकाणी मोबाइल कडा पुसतो आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत करतो. कॅमेरा एकच फ्रेम घेतो, त्यामुळे त्या क्षणी जसं होतं तसं मिळतं.

दुसरा फरक बटणाचा. जीआर ३ सुरू व्हायला सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो आणि शटरचं बटण बोटाला आपोआप सापडतं. मोबाइल काढा, कुलूप उघडा, आलेला मेसेज बाजूला सारा, काचेवर बोट टेकवा, एवढ्यात समोरचा माणूस तुमच्याकडे बघायला लागलेला असतो. मला विचाराल तर रोजच्या कॅमेऱ्याचं निम्मं सुख इथेच आहे.

लाला दीनदयाळ १८७० च्या दशकात इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणाकडे वळले, तेव्हा काचेची प्लेट आणि तिपाई हाच सरंजाम होता. १९२५ साली पहिला लायका बाजारात आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा कोटाच्या खिशात जाऊ लागला. आजचे हे लहान कॅमेरे त्याच वाटेवरचे आहेत.

आता कोणता. रिको जीआर ३ (२०१९) बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. पॅन्टच्या पुढच्या खिशात खरोखर मावतो. लेन्स एकच, ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबात २८ मिलिमीटरच्या तोडीची (आकडा लहान, तर चौकट रुंद); झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडरही नाही. २८ रुंद वाटत असेल तर जीआर ३ एक्स (२०२१) घ्या, तो ४० च्या तोडीचा. झूम हवाच असेल तर सोनी आरएक्स१०० मार्क ७: २४ ते २००, ३०२ ग्रॅम, पण सेन्सर एक इंची, म्हणजे एपीएस-सीच्या साधारण एक तृतीयांश. दिवसा सुंदर, रात्री थकतो. फुजी एक्स१००-६ (२०२४) मला फार आवडतो. एफ/२ लेन्स, ४० मेगापिक्सेल, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. पण तो ५२१ ग्रॅमचा. त्याला जाकिटाचा खिसा लागतो, आणि इंदूरला जाकीट वर्षातून दोन-तीन महिनेच अंगावर असतं. उरलेला काळ तो खांद्यावर राहणार आणि मग एक दिवस घरी राहणार. तुमच्यासाठी माझं मत जीआरला. कॅमेऱ्यात २ जीबीची स्मृती आधीपासून आहे, कार्ड घरी विसरलं तरी दिवस वाया जात नाही.

तयारी अशी. जीआर ३ च्या वरच्या चकतीवर यू१, यू२, यू३ अशा तीन जागा आहेत, त्यांत आपली सेटिंग साठवून ठेवता येतात.

यू१ दिवसासाठी: एव्ही मोड (एफचा आकडा आपण ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो ३२०० पर्यंत, किमान शटर १/२५० सेकंद, आणि फोकस ‘स्नॅप’वर २ मीटर. स्नॅपमध्ये कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर सरळ फोटो घेतो. या कॅमेऱ्याची लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिलिमीटरची; ती एफ/८ वर २ मीटरला ठेवली की साधारण १ मीटरपासून २० मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एफ/२.८ वर मात्र हीच पट्टी दीड ते तीन मीटर एवढीच उरते. नवशिक्यांचे स्नॅपमधले फोटो धूसर येतात ते बहुतेक याच कारणाने: सेटिंग दिवसाची आणि वेळ संध्याकाळची. २ मीटर म्हणजे किती, हे घरात टेपने मोजून डोळ्यात बसवून घ्या. ही एक गोष्ट चुकवू नका.

यू२ रात्रीसाठी: टीव्ही मोड (इथे शटर आपण ठरवायचं), शटर १/१००, आयएसओ ऑटो ६४०० पर्यंत, फोकस ऑटो, फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली, रंग नंतर बदलता येतात अशी). १/१०० का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या दर्जाचे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ला प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण लुकलुक मावते आणि उजेड सारखा येतो. १/५०० ला एक फ्रेम उजळ, दुसरी काळपट, रंगही बदललेला. इलेक्ट्रॉनिक शटर असलेल्या कॅमेऱ्यात तर आडवे पट्टे येतात. सराफ्यात सोन्या-चांदीची दुकानं मिटल्यावर जे ठेले लागतात, तिथे प्रत्येक ठेल्याचा दिवा वेगळा: एक पिवळा, एक निळसर, वर साइनबोर्डाचा हिरवट. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरा पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) कुठलाही ठेवा, एक चेहरा बिघडणारच. म्हणून रॉ घ्या आणि घरी ठरवा.

दहीवड्याचा दोना हवेत उडवून झेलतात, तो टिपायला लोक शटर १/५०० करतात आणि आयएसओ पाच-सहा हजारांवर जातो. गरज नाही. दोना सर्वात वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबलेला असतो. तिथे १/१०० पुरतं, फक्त बटण वेळेवर दाबायला हवं. दोन वेळा नुसतं बघा, तिसऱ्यांदा दाबा.

यू३ मी जवळच्या वस्तूंसाठी ठेवायला सांगेन. मॅक्रोत हा कॅमेरा ६ ते १२ सेंटिमीटरवर फोकस करतो; पोह्यांवरची शेव आणि जिरावण मसाला एवढ्याच चौकटीत मावतात. एफ/५.६ ठेवा, स्वतःची सावली प्लेटवर पडू देऊ नका.

बॅटरी हा खरा दुबळेपणा. एका चार्जवर साधारण २०० फोटो. दुसरी बॅटरी शर्टाच्या खिशात ठेवा, वायफाय आणि ब्लूटूथ बंद. चार्जिंग यूएसबी-सी केबलने होतं, त्यामुळे ऑफिसात मोबाइलचाच चार्जर चालतो. मे महिन्यात कॅमेरा दुचाकीच्या डिक्कीत सोडू नका. बाहेर ४० च्या वर असताना आतलं तापमान त्याहून बरंच वाढतं आणि लिथियम बॅटरी फुगते. त्याच उन्हात पडदाही दिसेनासा होतो, त्यासाठी पडद्याचा उजेड वाढवणारी ‘आउटडोअर’ सेटिंग एका बटणावर लावून घ्या.

धूळ जास्त गंभीर. लेन्स बाहेर येताना आत हवा खेचली जाते आणि तिच्याबरोबर खिशातली कापसाची तूस. सेन्सरवर कण बसला की एफ/८ च्या पुढे आकाशात काळपट ठिपका दिसतो. कॅमेऱ्यात सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय आहे, ती आधी वापरा. त्याने गेलं नाही तर कॅमेरा उघडावा लागतो, कारण लेन्स निघत नाही, आणि ते काम घरचं नव्हे. म्हणून खिशात किल्ल्या, नाणी, रुमाल काही नको. पातळ कापडी थैली आणि मनगटाचा पट्टा बस्स. थैली आठवड्याला उलटी करून झटका. मागच्या खिशात कधीच नाही: बसताना दाब येऊन लेन्सचे दाते सरकतात.

पावसाळ्यात एसीतून थेट बाहेर आलात तर काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा थैलीतच अर्धा तास राहू द्या, कापडाने पुसत बसू नका. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा; आर्द्रता ४० ते ५० टक्के असली की बुरशी धरत नाही.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, जीआर नेऊ नका. गुलाल लेन्सच्या फटीत गेला की निघत नाही आणि वरून टँकरचं पाणी. एक्स१००-६ ला पाण्या-धुळीपासून संरक्षण आहे, पण अडॅप्टर रिंग आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर लावला तरच. त्या एका दिवसासाठी ओएम सिस्टिम टीजी-७ (२०२३) सारखा १५ मीटरपर्यंत पाण्यात चालणारा कॅमेरा कुणाकडून मागून घ्या. सेन्सर बारीक आहे, पण मार्चच्या उन्हात पुरतो. परतल्यावर झाकणं बंद आहेत ना ते बघून साध्या पाण्यात बुडवून धुवा.

माणसांबद्दल: ठेलेवाल्याचा फोटो घ्यायचा तर आधी काही विकत घ्या, मग मान हलवून विचारा. नको म्हटलं तर कॅमेरा खाली.

वापरलेला घेत असाल तर दुकानातच इतकं करा. दहा-बारा वेळा चालू-बंद करा. लेन्स एकाच वेगाने आत-बाहेर व्हावी, किरकिर नको, आणि पुढच्या झाकणाची पाती पूर्ण मिटावीत. एफ/१६ लावून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो घ्या, मोठा करून कोपऱ्यांपर्यंत ठिपके शोधा. मग एफ/२.८ वर छापील मजकूर असलेला कागद भिंतीला लावून समोरून टिपा. एकच कोपरा धूसर असेल तर तो कॅमेरा कधीतरी पडलेला आहे. मागची चकती दोन्ही दिशांना फिरवून बघा, एका टिचकीला दोन पायऱ्या उडत नाहीत ना. शेवटी बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवा आणि बोटाने गिरकी द्या. सहज गरगरली तर ती फुगलेली आहे, नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला सांगा.