टकटक टॅपेटची की पॅकिंगची?

प्रश्न : माझा सहा सिलिंडरचा जुना डिझेल ट्रक उसाच्या वाहतुकीला असतो. सकाळी स्टार्ट केला की टकटक येते, गरम झाला की कमी होते. गावातले मिस्त्री म्हणतात, टॅपेट आवळून टाकू. आवळू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : थांबा, इतक्यात टॅपेटला (व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या भागाला) पाना लावू देऊ नका. गरम झाल्यावर आवाज दबतोय, म्हणजे माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या पॅकिंगवर. मॅनिफोल्डचं बीड (ओतीव लोखंड) तापून फुगतं, फट बुजते, आवाज जातो. मॅनिफोल्ड हेडला मिळतो तिथे बॅटरी मारून बघा. काजळीचा काळा फर्राटा दिसला की चोर सापडला. पॅकिंग बदलताना स्टड तपासा. एक जरी तुटका असला तरी नवं पॅकिंगही फुंकणार.

काजळी नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर टॅपेट कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावा. व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून टॅपेटची टकटक इंजिनाच्या मानानं संथ असते. टॅपेटचा गॅप फिलर गेजनंच (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) धरायचा, आणि तोही कंपनीच्या मापानं. अंदाजे आवळला तर आवाज बंद होतो खरा, पण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि जळतो. मग हेड उतरवायचा खर्च. मिस्त्रींना हे माहीत असतं हो, घाई गिऱ्हाइकालाच असते!

आवाज खालून, जड येत असेल, लोडवर वाढत असेल आणि ऑइल प्रेशरही पडत असेल, तर क्रँकचं बेअरिंग गेलं समजा. तेव्हा मात्र फेरी सोडा, गाडी उभी करा.