मुलगा लाइफबोटीवर जायचं म्हणतोय

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर, पील गावात राहतो. तिथल्या लाइफबोट (समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जाणारी बोट) स्टेशनमध्ये स्वयंसेवक व्हायचं म्हणतो. पगार नाही, वादळातही बोलावणं येतं. आमच्या घरात कुणी कधी समुद्रावर गेलेलं नाही. त्याला अडवू का?

उत्तर : ताई, मी सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. आयरिश समुद्रात एका हिवाळी रात्री आमचं इंजिन बंद पडलं आणि जहाज वाऱ्याबरोबर खडकांकडे सरकायला लागलं. आम्ही दुरुस्तीला भिडलेलो असताना एक लाइफबोट शेजारी येऊन पहाटेपर्यंत थांबली. तिच्यावर एक सुतार होता आणि एक शिक्षक, हे नंतर कळलं. तेव्हा घरात समुद्राची परंपरा नाही, याची काळजी करू नका. तिथे पुष्कळ जण असेच येतात आणि शिकतात. इंग्लंडमध्ये पूल नावाच्या गावात, या लाइफबोटी चालवणाऱ्या RNLI या संस्थेचं कॉलेज आहे. तिथल्या तलावात अंधार करून, लाटा उठवून, उलटलेल्या बोटीतून बाहेर पडायचा सराव घेतात.

त्या बेटावर पाच स्टेशनं आहेत : डग्लस, रॅमसी, पील, पोर्ट एरिन, पोर्ट सेंट मेरी. शेवटची दोन गावं रस्त्याने जेमतेम तीन किलोमीटरवर, पण एक पश्चिमेला आणि दुसरं आग्नेयेला. बोटीने जायचं तर बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालावा लागतो, आणि तिथल्या काफ साउंड या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाह फार जोराचा. बुडणाऱ्याला तेवढा वेळ नसतो, म्हणून दोन्हीकडे स्टेशन.

ही सगळी संस्थाच त्या बेटावर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांच्या ध्यासातून 1824 मध्ये उभी राहिली. आजही ती मुख्यत्वे देणग्यांवर आणि मृत्युपत्रांतून आलेल्या पैशांवर चालते. 1830 मध्ये डग्लसच्या खडकावर ‘सेंट जॉर्ज’ आगबोट आदळली, तेव्हा साठीला टेकलेले हिलरी स्वतः बोटीत बसले. पोहता येत नव्हतं. लाटेने बाहेर फेकले गेले, बरगड्या मोडल्या, पण आगबोटीवरचे सगळे 22 जण वाचले. पुढे त्याच खडकावर त्यांनी मनोरा बांधवून घेतला, अडकलेल्यांना आसरा मिळावा म्हणून. मी तो पाहिला आहे. बराच वेळ तिथून हलवेना.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. 1981 च्या डिसेंबरात कॉर्नवॉलमधल्या पेनलीच्या लाइफबोटीवरचे आठही जण गेले. ती लाकडी बोट होती. पीलची आताची शॅनन जातीची बोट उलटली तरी आपोआप सुलटी होते, आणि तिला पंखा नसून पाण्याचा जेट आहे, त्यामुळे उथळ पाण्यातही जाते.

अडवू नका. फक्त दोन गोष्टी विचारा : पेजर वाजल्यावर घरून स्टेशनवर पोचायला किती मिनिटं लागतात, आणि कामाच्या ठिकाणाहून त्याला हातातलं काम टाकून निघू देतील का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी किनाऱ्यावरच्या मदतनिसांत नाव द्यायला सांगा. बोट पाण्यात सोडायला आणि परत आली की ओढून घ्यायलाही माणसं लागतातच.