पट्टा नवा आहे, आकडे आधी साठू दे
हृदयाचे ठोके आणि झोप मोजणारा मनगटाचा पट्टा घेतलास, छान केलंस. पहिले दोन-तीन आठवडे आकड्यांवरून काहीच ठरवू नकोस. स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत नसेल तर बदल कळणार कसा? मैत्रिणीचे विश्रांतीचे ठोके, म्हणजे शांत बसल्यावर मिनिटाला पडणारे हृदयाचे ठोके, ५८ आणि तुझे ७० असले तरी बिघडत नाही. तुझे ७० चे सलग चार दिवस ७८ झाले, तर मात्र बघ: ताप येतोय का, झोप कमी पडतेय का?

पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांध. पट्ट्याच्या खालचा हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो; त्यावरूनच पट्टा ठोके मोजतो. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडे भरकटतात. गोंदण असेल तर दुसरा हात वापर. झोपेतले आकडे सगळ्यात भरवशाचे.

आणि सुई न टोचता रक्तातली साखर दाखवणाऱ्या घड्याळांच्या नादी अजिबात लागू नकोस. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं होतं, की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर त्यांनाही आजच सांग. चुकीचा आकडा बघून डोस घेतला तर जिवावर बेतू शकतं.